श्री देवी सातेरी यांस नोटीस

२ मार्च १९८७, सोमवार

दहाच्या दहा प्रश्नांना 'नाही' लिहून मोकळा झालो! खाटेवर लोळत, मांडीवर पाट घेऊन. खाली कार्बन, त्यामुळे प्रत सुद्धा 'नाही'च.

तालुक्याहून नवा कागद आलाय. सायक्लोस्टाइल, अर्धी अक्षरं उठलेलीच नाहीत. आतापर्यंत चिरेखाणीचा अर्ज आला की कसं सरळ होतं — चावडीवर नोटीस, लोकांच्या हरकती, जागेची पाहणी, पंचनामा, तलाठ्याचा अहवाल. आता त्याला शेपूट जोडलंय: 'पर्यावरणावर होणारा परिणाम.' जलस्रोतास बाधा पोचेल काय? वनस्पतींस बाधा पोचेल काय? सर्कलसाहेबांना विचारलं, पर्यावरण म्हणजे नक्की काय काय धरायचं? म्हणाले, "झाडं, पाणी, वगैरे. नाही लिहा." लिहिलं.

अर्ज गंगारामचा. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार, आहे, तिथला त्याचा कातळ. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधायच्या चालल्यात, जांभ्या दगडाच्या चिऱ्याला कधी नव्हे ती मागणी. त्याच्याकडे शेत नाही, बाग नाही, आहे तो हा कातळ. त्याने तो विकू नये तर काय उन्हात वाळत घालावा?

जागेची पाहणी केली, असं लिहिलं आहे. केली नाही. सडा खालून दिसतो की! पंचांच्या सह्या कट्टा गावच्या बाजारात घेतल्या, सोडा पिता पिता. माझ्यासारखा कार्यक्षम तलाठी सरकारला शोधून सापडायचा नाही.

मे महिन्यात बदल्या निघतात. साहेब म्हणालेत, प्रकरणं तुंबवू नका, जामसंड्याकडचं बघू. आई तिथे एकटी असते. तेव्हा 'नाही', 'नाही', 'नाही'.

९ मार्च, सोमवार

कागद परत! वाटलं, पाहणीचं बिंग फुटलं. पण छे! शेरा असा: 'लगतच्या खातेदारास नोटीस बजावल्याचे दिसून येत नाही.'

सातबारा काढला. गंगारामच्या कातळाला लागून देवराई. खातेदार: श्री देवी सातेरी. वहिवाटदाराचा रकाना कोरा.

सर्कलसाहेबांना म्हटलं, अहो, खातेदार देवी आहे. ते म्हणाले, "असू दे. नियम सगळ्यांना सारखा."

नोटीस लिहिली. 'श्री देवी सातेरी यांस कळविण्यात येते की...' माझ्या हाताने! शिवा कोतवालाकडे दिली. तो बराच वेळ कागद उलटसुलट करत उभा. मग म्हणतो, "भाऊसाहेब, अंगठो कोणाचो घेव?"

मी त्याच्यावर ओरडलो.

११ मार्च, बुधवार

देवळाच्या खांबावर नोटीस डकवली. देवी काही बोलली नाही.

२० मार्च, शुक्रवार

शिमग्याची दमणूक सगळ्यांच्या अंगात. चावडीवरची नोटीस वाऱ्याने अर्धी फाटली. हरकत एकही नाही.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो त्या अक्कांना सहज विचारलं, खालच्या वाडीत खाणीबद्दल कोण काय बोलतं? अक्का मला मुलासारखं वागवतात, म्हणजे दिवसातून दोनदा झापतात.

"बोलतत सगळे. पानयेवर बोलतत, व्हाळार बोलतत. झर आटलो तर पियाचां काय, म्हणान बोलतत."

"मग लिहून द्या की! नोटीस त्यासाठीच लावलीय."

"लिवन कोण देतलो रे? उद्या गंगारामाच्याच पंगतीक बसाचां आसा. तेचो काका तो आमचो काका. आणि तुया काय लिवलंस?"

मी चहा पीत होतो. चहात तोंड घातलं.

झर म्हणजे देवराईच्या पायथ्याशी दगडातून येणारं पाणी. खालची वाडी तेच पिते, त्यावरच वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी, भात काढते. मीही तेच पितो. घागर अक्का आणतात, म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

विचारलं, "झरीला पाणी येतं कुठून?"

"देवीच्या पायांसून," म्हणाल्या. विषय संपला.

२४ मार्च, मंगळवार

सर्कलसाहेब: "खातेदाराचं म्हणणं काय ते अहवालात पाहिजे. हरकत आहे की नाही, एवढंच." मी म्हटलं, साहेब, कसं विचारू? "ते तुम्ही बघा."

देवळात गेलो. बाबली गुरव तुळशीला पाणी घालत होता. त्याला सगळं समजावून सांगितलं, सरकारी भाषेत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मगे इचारूया की तिका. कौल लावया."

वा! हे मला कसं सुचलं नाही? कौल लावायचा, जे येईल ते अहवालात लिहायचं. माझ्या डोक्याचा ताप देवीच्या डोक्यावर. घरी येताना चक्क गाणं म्हणत आलो.

२ एप्रिल, गुरुवार

कौल लावला. सगळा गाव जमला होता. इथली सातेरी म्हणजे पुरुषभर उंचीचं वारूळ, त्यावर चांदीचा मुखवटा. बाबलीने ओल्या पाकळ्या लावल्या, उजवीकडे एक, डावीकडे एक. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग गाऱ्हाणं सुरू केलं. गंगारामने खाण काढायची मनात आणलीय, तुझ्या राईला लागून, तुझी मर्जी काय ती सांग. मधेमधे सगळे 'होय म्हाराजा' म्हणत होते. मीही म्हणालो. सरकारतर्फे.

पाकळ्या पडेनात!

एकही नाही. उजवी नाही, डावी नाही. माणसं बसली, उठली, बाहेर विडी ओढून आली. पाकळ्या वाळून वारुळाला घट्ट चिकटल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

माझ्या डोक्यात लगेच नियम आला. मुदतीत हरकत न आल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल. मी तसं हळूच बोलूनही गेलो. बाबलीने माझ्याकडे पाहिलं.

"सरकारात तसां असात. हयसर ती बोलाक नाय म्हणजे गाऱ्हाण्यात काय तरी सांगूचा रवला. कोण तरी काय तरी लपयता."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी छताकडे बघितलं. छत चांगलं आहे, सागवानी.

४ एप्रिल, शनिवार

मी असल्या गोष्टी मानत नाही. जेवण मात्र गेलं नाही.

८ एप्रिल, बुधवार

सडा चढलो. एवढं एक वाक्य लिहायला मला महिना लागला!

काय तो रस्ता! अर्ध्या वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. वहाण हातात घेऊन चढलो. वर काळा कातळ, त्यावर ऊन, आणि उन्हात मी. गवत जळून गेलेलं. गंगारामच्या चुन्याच्या खुणा सापडल्या. मनात म्हटलं, बघ, काही नाही इथे, झाडं पाणी वगैरे. 'नाही' बरोबरच लिहिलं होतंस.

मग पायाला गार लागलं.

खुणांच्या बरोबर मधे कातळाला भेग आहे. हात जाईल एवढी. त्यातून गार वारा येतो, ओलसर, माठाजवळ बसल्यासारखा. आत हिरवं नेचं वाढलंय — एप्रिलात, त्या तव्यावर! मी गुडघ्यावर बसलो. मग पोटावर झोपलो, कान लावला.

पाणी. खाली पाणी वाजत होतं. जोरात नाही. पण वाजत होतं.

किती वेळ तसा पडून होतो कोण जाणे. वरून आवाज आला, "भाऊसाहेब! काय झाला? भोवळ इली काय?"

गंगाराम. मी सरकारी कर्मचारी, पालथा, एक वहाण हातात. उठलो, कपडे झटकले, आणि अधिकाराने म्हणालो, "पाहणी चालू आहे." तो हसला. मग मी त्याला म्हटलं, तूही कान लाव. तो लावेना. मी म्हटलं, लाव रे. शेवटी बसला, कान लावला. त्याचं हसू हळूहळू गेलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वारो असतलो."

"वारा असा वाजतो?"

तो उठला, गुडघे झटकले. मग म्हणाला, "भाऊसाहेब, माजी दोन चेडवां लग्नाची आसत. माका दुसरा काय आसा? तुमीच सांगा."

मुलींचं ऐकून मी तुटलेल्या वहाणेकडे बघत राहिलो. त्यानेच तारेने माझी वहाण बांधून दिली. दोघे एकत्र खाली उतरलो. फार वाईट वाटलं. खाण दुष्ट माणसाची असती तर केवढं सोपं झालं असतं.

१५ एप्रिल, बुधवार

सर्कलसाहेबांकडे गेलो. अहवाल बदलायचा म्हणालो. "का?" भेगेतून पाणी ऐकू येतं. "कोणाला?" मला. "हरकत कोणाची आहे?" कोणाची नाही. "म्हणजे ज्यांचं पाणी, त्यांची हरकत नाही. खाण ज्याची, त्याची तर नाहीच. मग तुम्हाला कसला त्रास होतोय? आणि पहिली पाहणी केलीत तेव्हा हे ऐकू आलं नव्हतं?"

मी म्हटलं, तेव्हा कानात मळ होता.

खरंच असं म्हणालो! काय जीभ आहे! साहेब हसले, पण डोळ्यांनी हसले नाहीत. बदलीची यादी तयार होतेय म्हणाले. आणि म्हणाले, "हरकतदार आणा. एक तरी. नाव पाहिजे. मग मी वर पाठवतो."

खालच्या वाडीत घरोघर गेलो. सगळ्यांनी बसायला पाट दिला, कोकमाचं सरबत दिलं, सही कुणी दिली नाही. अक्का म्हणाल्या, "माजी सय घेतलंस तर गंगारामाची बायको माज्याकडे बघूची नाय. न्हानपणापासूनची मैतरीण ती." एवढं सरबत प्यालोय की पोट बिघडलं.

१८ एप्रिल, शनिवार

सुचलं! अख्ख्या गावात एकच खातेदार असा आहे की ज्याला कुणाच्या पंगतीला बसायचं नाही. जिला कुणाचं भय नाही. तिचीच हरकत घ्यायची!

बाबलीला गाठलं. म्हटलं, पुन्हा कौल लाव. या वेळी सगळं सांग — भेग, पाणी, झर, आणि तलाठी सड्यावर न जाताच अहवाल लिहून बसला होता तेही सांग. शेवटचं सांगताना कान तापले माझे. बाबली म्हणाला, "ह्यां तर माका म्हायतच होता."

सगळ्या गावाला माहीत होतं म्हणे. सोडा पिणारे पंच काय मुके होते?

२९ एप्रिल, बुधवार

परवा कौल. गंगारामही कबूल झाला. "डावो लागलो तर माघार. माजो शब्द." बिचाऱ्याचं तोंड उतरलेलं. डावाच लागणार, हे त्यालाही कळतंय. अक्का तर देवीला खण कुठला द्यायचा ते बघतायत.

मी अहवाल नव्याने लिहून ठेवला. झोकात उतरलाय! जलस्रोतास बाधा पोचेल काय? होय. 'हरकतदाराचे नाव' या रकान्यात लिहिलं: श्री देवी सातेरी. शाईने! फक्त तारीख घालायची बाकी. साहेब काय करतील? देवीची बदली करतील? आज पोटभर जेवलो.

१ मे, शुक्रवार

उजवी.

बाबलीने काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, माझ्यासकट. पाकळ्या लावून हात मागे घेतो न घेतो तोच उजवी पडली. गंगारामने वारुळापुढे डोकं टेकलं. उठला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. खालच्या वाडीने हात जोडले. अक्कांनीसुद्धा! मी काही म्हणायला गेलो तर म्हणाल्या, "देवीन दिल्यान. आता बोलाचां नाय."

घरी येऊन देवीचं नाव खोडलं. त्या जागी माझं लिहिलं. तलाठ्याला हरकत घेता येते की नाही, मला माहीत नाही.

शिवाला आत्ताच मालवणच्या गाडीवर बसवून कागद तालुक्याला धाडला. फार भीती वाटतेय.