यादीत नसलेली चिंचोळी

चिंचोळी, सोलापूर
६ जानेवारी २०२५

चि. सौ. आरोहीस, आईचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शेजारच्या झीनतनं वाचून दाखवलं. माझंबी तीच झेरॉक्सच्या दुकानातनं फोटो काढून धाडते. फोनवर तू ‘बरी हाय’ म्हणून ठेवून देतीस, म्हणून हा लिहायचा ताप.

वाचून डोकंच फिरलं. तिकडं मोठा कारखाना वर्षभरात किती घाण सोडली ते सोताच लिहून देतो आणि ती यादी कुणीबी बघावी? अगं, चोर कधी आपली चोरी लिहून देतो का? आणि धूर किलोत कसा मोजतात? तराजूत कोण धरून बसवतो त्याला?

झीनतला फोनवर ती यादी उघडायला लावली. तुझ्या घरापासनं दोन किलोमीटरवर कारखाना निघाला, त्याच्यापुढं हे एवढाले आकडे! मग म्हटलं, आपली चिंचोळी घाल. घातली. कायच न्हाय निघालं. एक किलोसुदीक न्हाय. तुझे आबा पंधरा वर्सं हितल्या कारखान्याच्या बॉयलरवर हायत, मला वाटायचं किती हा धूर. उगंच वाटायचं की.

तवा वाद घालू नको. पाचवा चाललाय, सातव्याच्या आत विमानात बस. पहिलं बाळंतपण माहेरीच. जावयांना सांग, आईनं सांगितलंय.

आजोबांच्या मऊ धोतराची दुपटी करून, धुऊन गच्चीवर घातलीत. साबण भिकार निघालाय, वाळल्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. बदलते.

माया हायच, पण जरा ऐकत जा.
तुझी आई, सोजरबाई


हॉलंड
१९ जानेवारी

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

आधी हसले, मग रडू आलं. आई, ती यादी युरोपातल्या कारखान्यांची आहे गं. तिच्यात चिंचोळी शोधणं म्हणजे इथल्या शाळेच्या हजेरीत झीनतचं नाव शोधणं.

धूर तराजूत घालत नाहीत. धुराड्यात यंत्र बसवतात, नाहीतर किती इंधन जाळलं त्यावरून काढतात. आकडे कारखानाच देतो, सरकार तपासतं. ठरलेल्या मर्यादेच्या खाली सोडणाऱ्याला मात्र लिहावंही लागत नाही. दोन किलोमीटरवरचा तो कारखाना घर घेताना मी बघितला होता. भीती वाटत नाही असं नाही.

तुझ्याकडे यावंसं फार वाटतं. पण एक विचारते, रागावू नकोस. ते ठिपके साबणाचेच आहेत का? आणि आबांचा खोकला कसा आहे? तेही सांगत नाहीत, तूही लिहीत नाहीस.

असाच जीव लावत राहा, शिव्यांसकट.
तुझी आरोही


चिंचोळी
४ फेब्रुवारी

चि. सौ. आरोहीस, आशीर्वाद. वि. वि.

तिसरीतनं शाळा सुटली म्हणून मला हजेरी शिकवतीस व्हय? बाकीचं कायच कळलं न्हाय. लिहिलेला कारखाना बरा, का न लिहिलेला?

ह्यांना ठिपक्यांचं विचारलं, तर म्हणाले साबण बदल. तीन बदलले. मग एक दुपटं गच्चीवर घातलं, एक घरात. साबण एकच. संध्याकाळी घरातलं पांढरं, गच्चीवरचं मिरपूड भुरभुरल्यागत. ते ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. बोटानं एक ठिपका चोळून बघितला. म्हणाले, हे आमच्याच धुराड्याचं. मग खोकला आला. आणि मी इतकी वर्सं ह्यांच्या तंबाखूला शिव्या देत बसले.

ते दुपटं धुतलं न्हाय. तुमच्या यादीत असतंय तसं कोपऱ्यावर साल-तारीख घातली. झीनत म्हणते तक्रार करा, हे म्हणतात नोकरी जाईल. माझं डोकं चालंना.

एवढं मात्र कळलं. तू येऊ नको. लिहिताना हात पुढं जात न्हाय, पण येऊ नको. झीनतला माझ्या पासपोर्टचा फारम भरायला लावलाय. मीच येते.

घरात वाळवलेली दुपटी बांधलीत. एक जास्तीचं घेतलंय. ते तुझ्या घराबाहेर दिवसभर वाळत घालणार. तवा बघू, तुमच्या त्या आकड्यात किती खरं हाय ते.

जावयांना म्हणावं, दोरी बांधून ठेवा. आणि पोटातल्याला म्हणावं, आज्जीवर राग नको.
तुझी आई, सोजरबाई