अगारने धरलेलं

सर, हे मुद्दाम मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी यायचं नाही, आणि बंगालीत तुमच्याशी वाद घालून मी तोंडी कधी जिंकले नाही. तुम्ही जाऊनही आता किती वर्षं झाली. हे पाठवायचं कुठे?

तुमच्या प्रयोगशाळेतले ते लोडशेडिंगचे दिवस होते. एरंडाच्या बियांचा अर्क, त्यातली प्रथिनं वेगळी करायला, मी अगारच्या मण्यांनी भरलेल्या काचेच्या नळीतून सोडला होता. अगार समुद्रातल्या शेवाळाचं. बालीगंजच्या घरी आई ज्या चायना ग्रासच्या वड्या पाडायची तेच, फक्त जास्त शुद्ध. मला हवं असलेलं प्रथिन रक्ताच्या गुठळ्या करतं. नळीखाली उतरलेल्या अर्कात मी माझ्या बोटाचं रक्त मिसळलं, पण एकही गुठळी झाली नाही. प्रथिन गायब झालं होतं.

"सांडलंस," तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. "एक फोंटाओ ना," मी म्हटलं. एक थेंबही नाही. अगारनेच धरून ठेवलंय, असंही म्हटलं. तुम्ही हसलात. अगार कुणालाच धरत नाही, म्हणून तर आपण ते वापरतो. वहीत लिही, म्हणालात, 'माझ्या निष्काळजीपणाने नमुना वाया गेला.' ते लिहीपर्यंत नवा अर्क मिळणार नाही.

नाही लिहिलं. आजही लिहिणार नाही. तीन दिवस मी त्या नळीला कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दुपारी वीज गेलेली. खिडकीशी नळी धरून मी तिच्यात दुधातल्या साखरेचं पाणी सोडतेय. शेवाळातही त्याच जातीची साखर असते. मोकळी साखर मिळाली तर प्रथिन अगारला सोडील, एवढाच माझा तर्क. खाली उतरलेल्या पाण्यातली साखर पातळ पडद्याच्या पिशवीतून रात्रभर धुऊन काढते, आणि मग त्यात रक्त मिसळायला बोट टोचते. काचेवर लाल दाणे जमायला लागतात.

तुम्ही ती काच उजेडात दोनदा तिरपी केलीत. मग स्वतःचं बोट पुढे केलंत, माझ्या रक्तावरही विश्वास नव्हता तुमचा! तुमच्याही रक्ताच्या गुठळ्या झाल्या. तुम्ही खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलंत. "लेखो." लिही, आता तुझंच. माफी मागितली नाहीत, मला नकोच होती. पुढे त्याच मण्यांवर तुमच्या विद्यार्थ्यांनी आणखी प्रथिनं पकडली.

मी बरोबर होते, सर. शंभरदा म्हणेन. फक्त पहिल्या दिवशी नळीत ओतताना भांडं जरा जास्त कललं होतं आणि बोटभर अर्क टेबलावर गेला होता. तुम्ही आत यायच्या आधी मी तो पदराने पुसला.