दाजींना भरवलेले पेटी फूर

अक्का,

दाजींचे दोन दात पडले. पण ते विसर, असं काही झालेलंच नाही.

तू शाळेत शिकवायला गेल्यावर तुझ्या वाढदिवसासाठी पेटी फूर करायला घेतले, म्हणजे साखरेचा पाक चढवलेले घासाएवढे केक. पहिलीच खेप, त्यामुळे कुकरमधून केकऐवजी फरशी निघाली. तेवढ्यात दाजी गोकुळ रोडहून सळई घेऊन आले. "कुठाय ती? झिंज्या धरून घरी नेतो!" मी म्हटलं, "बसा दाजी, केक खा." त्यांनी सळई उगारली, म्हणून उभ्यानंच भरवला. अख्खा, एका दणक्यात.

त्या दणक्यात केक मोडला, त्याचे छोटे तुकडे केले, पाक चढवला, डब्यात ठेवलेत. गुलाबी खाऊ नकोस. मी गुलाबी रंग घातला नव्हता.

मला न्यायला आलेला पोलीस शिपाई दारात थांबलाय. त्याला दोन पांढरे दिले. "चलो अदाव," छान आहेत, असं कानडीत म्हणाला, म्हणजे चवीबद्दल तक्रार नाही.

तू उणकलला मावशीकडे जा. सासूबाई रडत आल्या तरी परत जायचं नाही.

मी ठाण्यात अर्ज देतोय: मे. फौजदारसाहेबांस सविनय विनंती की, दातांच्या पंचनाम्यात अक्काच्या पाठीवरचे वळही नोंदवावेत, आणि ते आधीचे असल्यानं आधी लिहावेत.

विनू