मोगरीची तेरवी

अकोला, ६ जानेवारी २०२५

कमलाकांतराव वकीलसाहेबांले खुशालरावचा रामराम.

पत्र पाहून तुमाले धक्का बसन. पोराइच्या रजिस्टर लग्नाले दोन वर्सं झाले, तवापासून आपण व्याही हावो, पन तुमी अमरावतीत अन् मी अकोल्यात, दोघाइच्याही तोंडाले कुलूप. ते राहू द्या सध्या. मले वकील पायजे अन् वळखीत तुमीच एक. फोन केला असता, पन मले आयकू कमी येते, म्हणून मी वरडतो, अन् समोरच्याले वाटते हा भांडून राहिला. म्हणून कागद. बोलतो तसंच लिहितो, सांभाळून घेजा.

माहा कुलदीप अन् तुमची मैथिली बडनेऱ्यात खोली करून व्हिडीओ गेम बनवून राहिले, हे तुमाले ठावं असन. 'म्हसवाट' नाव. एक म्हैस गावातून काढायची अन् पायी पायी डोंगरापलीकडच्या बाजारात न्यायची, इतकंच. कुलदीपनं मले टॅबलेट देला, म्हणे बाबा तुमी खेळून पाहा. मी वावर पुतण्याले देऊन शहरात आलो, गोठा मोडला, दिवसभर पेपर वाचतो. म्हटलं पाहू. वकीलसाहेब, त्या म्हशीनं मले पागल केलं. मी तिचं नाव मोगरी ठेवलं.

आता झालं असं, का जे कंपनी हा गेम बाजारात आणणार हाय, तिनं पंधरा जवान पोराइले खेळायले बसवलं. त्याइनं तक्रारी लिहून देल्या. म्हैस हळू चालते. मधातच बसते. लोटली तं उठत नाई. दोर झिजून तुटतो. पिशवीत सामान मावत नाई. अन् म्हैस मेली का सारं पहिल्यापासून. कंपनी म्हणते, हे सारं काढा.

मले सांगा, म्हैस हळू नाई चालन तं का मोटरसायकलवानी चालन? चाळीस वर्सं म्हशी पाळल्या मी. मनात येईन तवा बसत नाई ते म्हैस कायची? हे काढलं तं उरन काय? एक काळं जनावर अन् पळापळ. तुमी कायद्याच्या भाषेत एक कडक कागद लिहून द्या. सही मी करतो.

वहिनीले नमस्कार सांगजा. मनात जे काई असन ते असू द्या, पन कागद लवकर पाठवा.

खुशालराव

---

राजापेठ, अमरावती, ११ जानेवारी २०२५

रा. रा. खुशालराव यांस,
सा. न. वि. वि. (साष्टांगाचा अर्थ माझ्या गुडघ्यांना झेपेल तेवढाच घ्यावा.)

पत्र मिळाले. पाकिटावर आपले नाव पाहून माझ्या पत्नीने, चारुशीलाने, ते आधी उन्हाकडे धरून पाहिले आणि मग माझ्या हातात दिले.

मला कबूल करायला हवे की 'म्हसवाट' माझ्याकडेही आहे. मैथिलीने आणून दिला. लग्नाच्या वेळी मी जसा वागलो त्याबद्दल ती काही बोलली नाही. टॅबलेट टेबलावर ठेवला आणि म्हणाली, की बाबा, यात वाचायला खूप आहे. सुरुवातीला अकरा पाने सूचना आहेत, त्या संपूर्ण वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्या पंधरा तरुणांनी याबद्दलही बोंब मारली असेलच. मी त्या दोनदा वाचल्या. अडतीस वर्षांच्या वकिलीत माझ्या एकाही पक्षकाराने सही करण्याआधी कागद वाचलेला नाही. लोकांना वाचायला भाग पाडणारे कोणीतरी शेवटी भेटले, आणि ती माझीच मुलगी निघाली.

पिशवीचा विषय मात्र आपण एका ओळीत आटोपलात, ते पटले नाही. तिच्यात आठच वस्तू मावतात, हीच तर तिची गोडी. घोंगडी घेतली की कंदील राहतो. कंदील घेतला की म्हशीच्या खाण्याची ढेप बसत नाही. मी रोज सकाळी पूजा आटोपून पिशवी भरायला बसतो. तीन आठवडे झाले, अजून गावाबाहेर पडलेलो नाही. चारुशीलाने जन्मभर गणित शिकवले. तिने सांगितले की एकवीस वस्तूंमधून आठ निवडण्याचे दोन लाख तीन हजार चारशे नव्वद प्रकार होतात. त्यातले मी एकसष्ट तपासले आहेत.

सोबत हरकत अर्जाचा मसुदा आहे. आपण अर्जदार क्रमांक एक, मी दोन. परिच्छेद सात, 'पिशवी', जरा विस्ताराने लिहिला आहे. चार पाने झाली.

विहीणबाईंना नमस्कार. लोभ असावा, तूर्त शक्य नसल्यास पुढची तारीख द्यावी.

कमलाकांत

---

अकोला, १८ जानेवारी २०२५

वकीलसाहेब, रामराम.

कागद भेटला, सही केली. 'सदरहू म्हैस ही स्वभावतः मंदगती असून' हे मी घरी बायकोले, वच्छलेले, दोनदा वाचून दाखवलं. पन पिशवीवर चार पानं अन् मोगरीच्या बसण्यावर सहा वळी, हे काई बरोबर नाई. अन् तीन आठवड्यात गावाबाहेर नाई पडले? तुमची म्हैस खुट्यालेच म्हातारी होईन. ढेप टाका, दोर टाका अन् निंगा.

माही मोगरी पहिल्या नदीच्या अलीकडं हाय. तिथं एक डबकं हाय. काल सकाळी ते त्यात बसली अन् घड्याळावर अठरा मिनटं उठली नाई. त्या पोराइनं म्हणते याच जागी टॅबलेट आपटले. मी खुर्ची घेऊन समोर बसलो. ते कान हालवते, शेपटी हालवते, एक बगळा येऊन पाठीवर बसते. मी काईच केलं नाई, तरी इतकं बरं वाटलं का सांगता येत नाई. शेजारचे पुंजाजी रोज फिरून येता येता फाटकातून हातानं इचारतात, मोगरी उठली का? मी मान हालवतो. ते म्हणतात बसू द्या, घाई कायची.

वच्छलेले हे पटत नाई. ते म्हणते, नदी समोर दिसून राहिली तं पार कराव, का तिथं संसार मांडाव?

कुलदीप येऊन गेला. तोंड उतरलेलं. 'धाव' नावाचं बटन लावा, दाबलं का म्हैस धावन, असा कंपनीचा हुकूम हाय. सव्वीस तारखेले बडनेऱ्यात त्याइची बैठक हाय. मी गेलो तं मले आयकू येणार नाई अन् मी वरडीन. तुमीच जा. लेकीच्या घरी जायले समन्स लागत नाई.

तुमचा अर्जदार नंबर एक,
खुशालराव

---

अमरावती, २७ जानेवारी २०२५

रा. रा. खुशालराव यांस,
सा. न. वि. वि.

आपला अर्ज फेटाळला गेला. वाईट बातमी आधी सांगावी, म्हणून हे वाक्य वर घेतले.

काल काळा कोट घालून बडनेऱ्याला गेलो. मुलीच्या घरी मी प्रथमच. दार कुलदीपने उघडले. कोट पाहून त्याला वाटले, मी सासरेपणाच्या नात्याने घटस्फोटाचे कागद घेऊन आलो. तो दारातच पांढरा पडला. खोलीत एक खिडकी, दोन संगणक आणि भिंतभर म्हशींची चित्रे आहेत. नुसते कान कसे हलतात त्याचीच मी बत्तीस चित्रे मोजली.

कंपनीचे गृहस्थ लॅपटॉपच्या पडद्यावर होते, वय तिशीच्या आत. मी उभा राहून अर्ज वाचला. परिच्छेद सातच्या दुसऱ्या पानावर त्यांनी मला थांबवले आणि विचारले, की हे सगळे आवडणारे लोक एकंदर किती? मी सांगितले, दोन. त्यांनी विचारले, दोन टक्के का? मी सांगितले, दोन माणसे, एकमेकांचे व्याही. त्यांनी तो आकडा लिहून घेतला. निकाल असा: पंधरा फेब्रुवारीपर्यंत म्हैस धावली नाही, तर कंपनी गेम घेणार नाही. पोरांची तीन वर्षांची मेहनत जायची.

नंतर मैथिली आत जाऊन उभी राहिली. मला वाटले रडत असेल, म्हणून गेलो, तर ती कणीक मळत होती. मळता मळताच म्हणाली, की बाबा, तुम्ही माझ्या बाजूने कधी उभे राहाल असे वाटले नव्हते, आणि राहिलात ते म्हशीसाठी. कुलदीपने चहा केला. मुलगा चांगला आहे. हे मी दोन वर्षे उशिरा लिहितो आहे. विलंब माफ व्हावा.

आपला,
कमलाकांत

---

अकोला, ३ फेब्रुवारी २०२५

वकीलसाहेब,

मोगरी गेली.

शनिवारी दुपारी मी न्हाव्याकडं गेलो, तिथून पुंजाजीकडं. टॅबलेट दिवाणावर होता, मोगरी डबक्यात. दोन घंट्यानं घरी आलो तं पडद्यावर पाणीच पाणी अन् खाली लिहिलेलं, 'तुमची म्हैस वाहून गेली.' मले वाटते मी बंद करायचं इसरलो अन् मागं पूर आला.

कुलदीपले बोलावलं. तो म्हणे बाबा, रडू नका, माह्या कॉम्प्युटरवरून दोन मिनटात जित्ती करून देतो. मी नाई म्हटलं. चाळीस वर्सांत माह्या सतरा म्हशी गेल्या, एकही दोन मिनटात जित्ती झाली नाई. हे झाली, तं मंग ते डबक्यात बसली तवा मी वाट तरी कोणाची पाहत होतो? मंग कुलदीपनं टॅबलेट आपल्या शर्टानं पुसला अन् माह्या उशाशी ठेवला.

तेरा तारखेले तेरवी करून राहिलो. हसू नका. पंधरा-वीस माणसं. वरण-भात, आलू-वांगं, पुऱ्या, बुंदी. तुमी अन् वहिनी याजा. नाई आले तं मी समजीन, पन याजा.

खुशालराव

---

अमरावती, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय खुशालराव,
नमस्कार. बाकीची अक्षरे यापुढे गाळतो, मी आपल्या हातून वाढलेले जेवलो आहे.

त्या दिवशी आपण वाढण्यात होता आणि गर्दीत आपल्याला काही ऐकू आले नसेल, म्हणून घडलेले लिहून कळवतो.

एकशे चाळीस माणसे आली, याचे कारण पुंजाजी. त्यांनी चौकात फ्लेक्स लावला होता, 'कै. मोगरी यांना भावपूर्ण श्रद्धांजली', शोकाकुल म्हणून खाली आपले नाव. फोटो मिळाला नाही म्हणून नुसती समई छापली. त्यामुळे माझ्या डावीकडच्या गृहस्थांची समजूत अशी, की मोगरीबाई म्हणजे तिवस्याला दिलेली आपली थोरली बहीण. उजवीकडचे देवमनजी म्हणाले, की त्यांनी तिला लहानपणी पाहिले होते, फार सोशिक होती. आणि त्यांनी डोळे पुसले. मी वकील असूनही प्रतिवाद केला नाही.

बुंदी आली तेव्हा पुंजाजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, की तिने कोणाचे वाईट केले नाही, मनात आले तेव्हा बसली, मनात आले तेव्हा उठली. माणसे माना डोलावत होती. तेव्हा कुलदीपला राहवले नाही. तो उभा राहून म्हणाला, की ही म्हैस होती, आणि तीही खरी नव्हती, आम्ही दोघांनी काढलेली होती. सगळी पंगत थांबली. मला वाटले आता पत्रावळी उडतात. मग देवमनजींनी विचारले, दूध किती देत होती?

कुलदीपने सांगितले, पाच लिटर. देवमनजी म्हणाले, मग खरीच होती. आणि पुरी मागितली.

मैथिली माझ्या समोरच्या ओळीत होती. तिने डाव्या हाताने फोन काढून कंपनीला तिथेच निरोप लिहिला, की म्हैस धावणार नाही. गेम आम्ही आमच्या जबाबदारीवर आणू. मग फोन पालथा ठेवून जेवू लागली. मी तिला काय लिहिलेस म्हणून विचारले नाही, पडद्यावर वाचले होते.

होळीला आपण दोघे आमच्याकडे या. चारुशीलाने आपल्यासाठी वरच्या पट्टीत बोलण्याचा सराव सुरू केला आहे.

आपला,
कमलाकांत

---

अकोला, २० मार्च २०२५

चारुशीलाताईले वच्छलाचा नमस्कार.

होळीले तुमच्या घरी लय गोड वाटलं. पुरणपोळी खातानी एक गोष्ट सांगीन सांगीन म्हटलं, पन सारे होते, मंग तोंडच नाई उघडलं. आता लिहिते.

आधी पोराइचं. गेम बाजारात येऊन पंधरा दिवस झाले, सवातीनशे लोक खेळून राहिले म्हणते. काई जणाइनं शिव्या लिहिल्या, म्हैस लय हळू हाय. काई जणाइनं लिहिलं, म्हैस लय हळू हाय, देव तुमचं भलं करो. मैथिली अन् कुलदीप दोन्ही जोरजोरानं वाचतात अन् हासतात. त्याइले चाललं तं मले चाललं.

आता माहं. ताई, मोगरी पुरानं नाई गेली. मी बुडवली.

हे न्हाव्याकडं गेले तवा मी दिवाण झटकून राहिली होती. टॅबलेट उचलला तं मोगरी डबक्यात बसलेली. पंधरा दिवस झाले एकाच जागी. मले म्हशीचीच कीव आली. लोटलं नाई, पाठीवरून बोट फिरवलं तं उठली. म्हटलं चाल माय. नदी उतरली, पल्याड गेली. तिकडं काय झाडं, काय हिरवं! मी दिवाणावर बसली, झाडू खाली पडला, वरणाची दाय चुलीवर करपली. दुसरी नदीही उतरली. तिसरीचं पाणी मोठं होतं, थांबाले पायजे होतं. पन तेवढ्यात आपलं फाटक वाजलं, अन् हे येतात म्हणून मी घाई केली. डोळ्यादेखत गेली बापा. मी टॅबलेट तसाच ठेवला अन् मेथी निवडाले बसली.

मंग तेरवी. आपणच बुडवलेल्या म्हशीच्या तेरवीले मी एकशे चाळीस माणसाइच्या पुऱ्या लाटल्या. बाया येऊन माह्या पाठीवरून हात फिरवत होत्या, अन् मी रडून राहिली होती, ते खरंच होतं.

होळीहून घरी आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ह्याइले सांगून टाकलं. कानाजवळ तोंड नेऊन सांगावं लागते, म्हणून सारं दोनदा सांगावं लागलं. मले वाटलं, आता आठ दिवस जेवत नाईत. मंग एकदम इतक्या जोरानं इचारलं का गल्ली जमा व्हावी. किती नद्या उतरली? मी दोन बोटं दाखवले. म्हणे, पल्याड काय हाय? मी म्हटलं, झाडं हायेत, एक मोठा वड हाय, त्याच्याखाली पाण्याचे रांजण भरून ठेवले हायेत. हे उठले, पेन्सिल आणली, कागद आणला अन् म्हणे, वाट काढून दाखव.

आता दुपारी जेवणं झाले का आमी दोघं दिवाणावर बसतो. नवी म्हैस घेतली हाय. बोट माहं, डबक्यात बसली तं वाट पाहाचं काम ह्याइचं. तिचं नाव ह्याइनं मले न इचारता ठेवलं, अन् मी वाचलं तवा लिहून झालं होतं, आता बदलत नाई म्हणते. नदी आली का हे माह्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवतात. काल आमी तिसरी नदी उतरलो. वच्छला पल्याड पोचली तवा ह्याइच्या डोळ्याले पाणी होतं.

वकीलसाहेबाइले हे सारं सांगजा, पन अर्ज करू देऊ नका. माया राहू द्या.

तुमची विहीन,
वच्छला (म्हैस नाई, मीच)