दोऱ्याला टांगलेलं रॉकेट

१२ नोव्हेंबर, बुधवार

रॉकेटचा दोरा दिसला! चंद्रावर निघालेलं एवढं मोठं यान, आणि वर चक्क शिवणाचा दोरा. मागचा धूर सरळ वर चढत होता – अगरबत्ती असणार. हसता हसता भाजी करपली.

दुपारी आत्याबाई – माझ्या सासूबाई – गोळी घेऊन झोपल्या की मी मोबाइलवर हे जुने, काळेपांढरे, चार पैशांत काढलेले सिनेमे लावते. पत्र्याच्या भिंती, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी बटणं, काच नसलेली हेल्मेटं. आणि माणसं कशी गंभीर! पुंडलिकनगरच्या दुसऱ्या मजल्यावरून माझं तेवढंच उड्डाण. आत्याबाईंचा खुबा मोडल्यापासून मी जिना उतरते ती फक्त दळणाला.

१४ नोव्हेंबर

चितेगावच्या औषध कंपनीचा फोन. प्रयोगशाळेत घेतलं मला! एक डिसेंबरला हजर व्हायचं. एम.एस्सी. झाल्यापासून पहिल्यांदा कुणी 'मॅडम' म्हणालं.

शिवराज जेवता जेवता म्हणाला, "चांगलंय की. पण आईला कोण बघणार?" आणि ताक मागितलं. नवऱ्याचा इतका राग बऱ्याच दिवसांत आला नव्हता. ताक दिलं.

१६ नोव्हेंबर

आत्याबाईंना सांभाळायला बाई मागेच ठेवून झाली. पण त्या परक्याचा हात अंगाला लागू देत नाहीत. ती बिचारी दुपारीच चप्पल घालून गेली.

लासूर स्टेशनची आशाताई, माझी नणंद, कधीची म्हणतेय – "आईला माझ्याकडं धाडा, जिना नाय काय नाय." पण आत्याबाई लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. त्यांच्याकडची जुनी रीत. चालत्याफिरत्या होत्या तेव्हाही लासूरला जाताना आपली पाण्याची बाटली न्यायच्या, आणि ती संपली की परत निघायच्या. आज भीत भीत विषय काढला.

"लेकीच्या दारात खाट टाकून पडू व्हय? लोक शेण घालतील तोंडात."

संपला विषय.

१९ नोव्हेंबर

आत्याबाई आज झोपल्याच नाहीत. "काय बघती गं एकलीच?" मोबाइल त्यांच्यासमोर डब्याला टेकवून ठेवला.

"दोरा दिसतोय की!" लगेच सापडला त्यांना. मग यानातली एकुलती एक बाई सगळ्यांना कॉफी घेऊन आली. "आभाळात गेली तरी चहा हिच्याच बोकांडी."

दोघी हसलो. मला त्यांच्याबरोबर हसायचं नव्हतं. रागावून बसायचं होतं.

२० नोव्हेंबर

मंगळ म्हणजे खडीची खाण. आत्याबाई – "असल्या जमिनीत काय पिकंल?"

२४ नोव्हेंबर

कंपनीचा परत फोन. येताय ना? 'कळवते' म्हणाले. न्हाणीत नळ सोडून रडले. इथं पाणी येतं कधीतरी, आणि मी ते असं वाया घालवते.

बाहेर आले तर आत्याबाई म्हणाल्या, "एवढा येळ नळ कामून चालू होता?" त्यांचा काय दोष? पण मग माझा तरी काय?

२६ नोव्हेंबर

आजच्या सिनेमात यान आतून सुटतच नाही. बाहेरून कुणालातरी दांडा ओढावा लागतो. शेवटी म्हातारा मिस्त्री खाली उतरतो, ओढतो, यान उडतं. (दांडा झाडूचा होता.) म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते दाखवलंच नाही. आत्याबाई भडकल्या.

"त्याला घरला नेलं का नाय कुणी?"

"आत्याबाई, सिनेमा आहे तो."

"सिनेमा असू दे. मानूस हाय ना."

संध्याकाळी वाती वळता वळता एकदम म्हणाल्या, "तुझी ती कंपनी कवापासनं हाय?" सांगितलं. "हं," म्हणाल्या आणि पुढची वात घेतली.

२८ नोव्हेंबर

शिवराजला म्हटलं, उद्या नाही म्हणून कळवते. तो म्हणाला, "बरं." एवढंच. या घरात जीव गुदमरतोय माझा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कंपनीला फोन करायच्या आतच आशाताई गाडी घेऊन दारात! आत्याबाईंनीच बोलावलं होतं. आम्हाला पत्ता नाही.

शिवराज गडबडला. "आई, लोक काय म्हणतील?"

"म्हनू दे. तुला कवा कळायचं ते मी कुठवर बघू?"

खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं. प्रत्येक पायरीला कळ येत होती त्यांना, ओठ घट्ट मिटलेले. मी सवयीनं पाण्याची बाटली भरून दिली. मांडीवर ठेवली त्यांनी. किती दिवस राहणार, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाटली काय, आज ना उद्या संपणारच.

३० नोव्हेंबर

दुपारी सिनेमा लावला. एकटीनं बघवेना.

मग आशाताईचा फोन – "मंजू, तू दिलेली बाटली तशीच भरलेली हाय गं. आल्या आल्या आईनं माझ्या माठातलं पाणी मागितलं. तांब्या रिकामा केला. म्हणली, मंजीला सांग – लेकीच्या घरचं पाणी प्याले म्हणावं. आता निघ."