माकुलाची शाई

शनिवार, दिवेलागण

सरांनी नाकाला रुमाल लावला. चित्र धड पाहिलंही नव्हतं! तो रुमाल डोक्यातून जातच नाही.

चित्रकलेच्या वर्गाच्या प्रदर्शनासाठी मी माकूल मासळीच्या पोटातली काळी शाई वापरली. जुन्या जाळ्याचा तुकडा तिच्यात बुडवून कागदावर दाबला. सर म्हणाले, "बाई, याला माध्यम म्हणत नाहीत. आधी जलरंगाचे नियम शिका." आणि भिंतीवर लावलं काय? सगळ्यांची तीच होडी, तोच माड, सरांच्या चित्रावरून उतरवलेला. एवढ्या होड्या, आणि जाळं एकीतही नाही. जन्मात होडीला हात लावलाय का यांनी?

घरी नवऱ्याने चित्र पाहिलं आणि म्हणाला, "ह्यां आपलां फाटलेलां जाळां मां गो?" त्याने जाळं ओळखलं. सरांना नुसता वास आला.

उद्या रविवार. सर नेहमीसारखे बाजारात माझ्याच मासळीच्या पाटीसमोर उभे राहतील. तिथे मी 'बाई' नसते. "माकूल साफ करून दे गो, काळं नको," म्हणतील. तिथे नाकाला रुमालही नसतो. देईन साफ करून. काळं मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत वाटीत काढून ठेवीन. मग बघते, रुमाल निघतो का.