कॅमेरा धरणाऱ्याबद्दल जावईबापूंकडे तक्रार

बारामती,
मंगळवार, दुपार

चि. ऋषिराजराव यांस,

सासूचे भरभरून आशीर्वाद. तुम्ही, करुणा आणि श्रेया बंगळुरात खुशाल असाल, तुमची कंबर नव्या खुर्चीला सरावली असेल आणि करुणा वेळेवर जेवत असेल (नसेलच, पण लिहायची रीत आहे). मी इकडे बरी आहे. गुडघे आपापल्या जागी आहेत. छबूबाई रोज येऊन स्वयंपाक करतात आणि जाता जाता माझं काय काय चुकतं ते सांगून जातात, त्यामुळे एकटेपण असं जाणवत नाही.

पुढचं सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण जावयाशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून ‘हो, हो, छान’ याखेरीज काही निघत नाही. रागवायचं असेल तर मला कागद लागतो. (तुमच्यावर नाही. जावयावर रागवायची आमच्यात पद्धत नाही.) कॉन्व्हेंटच्या शाळेत आमच्या मदरनी तक्रारीचं पत्र कसं लिहायचं ते शिकवलं होतं. आधी कौतुक, मग गाऱ्हाणं, शेवटी आभार. तेव्हा कौतुक असं, की माझ्या पासष्टीला तुम्ही पाठवलेलं खेळाचं यंत्र देखणं आहे, त्याच्यावर धूळ फार दिसत नाही, आणि दर रविवारी पाच वाजता श्रेया तिकडून आणि मी इकडून त्यातल्या एकाच डोंगरावर चढतो, हे सुख मला या वयात तुमच्यामुळे मिळालं. कौतुक संपलं.

त्या खेळाला जगभरात म्हणे पंधरा-वीस बक्षिसं मिळाली आहेत. देणाऱ्यांनी तो खेळून पाहिला होता का, एवढंच मला विचारायचं आहे. श्रेयाने स्वतःला दाढीवाला म्हातारा घेतला आणि मला तरणी मेंढपाळ पोरगी दिली, हा तिचा चांगुलपणा. पण त्या पोरीचं तोंड मी सहा रविवारांत एकदाही नीट पाहिलेलं नाही. कॅमेरा सतत तिच्या पाठीमागे! वेणी, शाल आणि टाचा, एवढीच काय ती ओळख. मी इंदापुरात अठ्ठावीस वर्षं फोटो काढले आहेत, ऋषिराजराव. पाठमोरा फोटो पाहून कुणाचं लग्न जमलंय?

तुम्हाला आमचा स्टुडिओ पाहायला मिळाला नाही, म्हणून जरा सांगते. स्थळासाठी मुलींचे फोटो काढायला लोक आसपासच्या गावांतून यायचे, आणि परक्या पुरुषासमोर मुलगी मान वर करीना. म्हणून नानांनी (म्हणजे करुणाच्या वडिलांनी, सगळं इंदापूर त्यांना नाना म्हणायचं, मग मीही) कॅमेरा माझ्या हाती दिला. कॉन्व्हेंटात शिकलेली सून स्टुडिओत उभी राहते म्हणून सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत, आणि मग स्वतःचा फोटो काढून घ्यायला नऊवारी नेसून आल्या. तो कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. मुलगी उजव्या कडेला सरकलेली दिसली, की कॅमेरा डावीकडे वळवायचा. पहिले दोन महिने मी निम्म्या तालुक्याच्या मुली अर्ध्याच काढल्या. मग हाताला असं वळण लागलं, की आजही मला झोपेतून उठवून विचारा: उजवीकडे दिसलं, की डावीकडे.

आणि या खेळात उजवीकडे दिसलं, की उजवीकडे! म्हणजे डोंगराची वाट उजवीकडे दिसते, माझा अंगठा अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने रिमोटवरचं ते बोंडूक डावीकडे ढकलतो, कॅमेरा दरीकडे बघू लागतो आणि पोरगी त्याच्या मागोमाग सरळ चालत दरीत जाते. मागे बसलेल्या छबूबाईंचं समालोचन चालू असतं. “ताई, पोरगी कडंला चाललीया. ताई, फुडं कडा हाय. ताई... ग्येली.”

बरं, माझा अंगठा चुकतो हे मान्य. पण कॅमेरावाल्याला काही जबाबदारी? भिंतीजवळ गेलं की तो भिंतीत शिरतो. गुहेत गेलं की पोरीच्या वेणीत शिरतो आणि पडदाभर नुसते केस. आणि ऐन कड्यावर, जिथे पायाखाली बघायची गरज आहे, तिथेच त्याला निसर्गसौंदर्य आठवतं. आपोआप वर उचलला जातो, लांब ढगांकडे वळतो, बासरी सुरू होते, आणि मी पाय कुठे टाकते आहे ते देवाला ठाऊक. मागे भिगवणला एका वरातीत आमच्या स्टुडिओतला पोरगा युवराज शूटिंग करत उलटा चालता चालता मासळीच्या टोपल्यांत जाऊन बसला. बसला, पण नवरीला चौकटीबाहेर जाऊ दिलं नाही. कॅसेटमध्ये एवढंच दिसतं, की नवरी एकदम उंच झाली. याला म्हणतात कॅमेरा धरणं! त्याला कुणी बक्षीस दिलं नाही. उलट मासळीवालीने चार शब्द ऐकवले.

बाकीच्या गोष्टींबद्दल मी बोलतच नाही. (सूचना वाचाव्यात तर अक्षरं अशी, की औषधाच्या बाटलीवरची ठळक वाटावीत. नकाशा उघडला तरी लांडगे थांबत नाहीत. आमच्याकडे फोटोला उभं केल्यावर ‘थांबा’ म्हटलं, की आमदारसुद्धा थांबायचे.)

हे सगळं मी सोसलं असतं. पण गेल्या रविवारी मी एकाच वळणावर नऊ वेळा पडले. श्रेया वर थांबून होती. आधी हसली, मग हसायची थांबली, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाली, “आजी, तू आता रिमोट खाली ठेव. तू फक्त बघ. मी दोघांचंही खेळते.” तिने मनापासून म्हटलं, म्हणूनच लागलं. या वयात बाईला सगळेच प्रेमाने खुर्ची देतात. लग्नघरात म्हणतात बसा, स्वयंपाकघरात म्हणतात बसा, बँकेतसुद्धा हल्ली पोरं उठून म्हणतात बसा. तो एक डोंगर उरला होता, जिथे मला कुणी बसा म्हणत नव्हतं. येत्या रविवारीही मी पडत राहिले, तर ती यापुढे एकटीच दोघांना वर नेईल आणि मी चहा पीत टाळ्या वाजवीन. हे मला नको आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की तुम्ही संगणकातले जाणकार आहात, त्या बनवणाऱ्यांना खडसावून विचारा: ज्यांचे हात उलट्या काचेवर घडले, त्यांनी जायचं कुठे? शेवटी आभार. करुणाला आशीर्वाद, श्रेयाला पापा.

आपली,
केसर (करुणाची आई)

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधीच छबूबाईंनी घात केला. पोळ्या झाल्यावर हात पुसत आल्या आणि यंत्रात सेटिंगचं एक पान उघडून बसल्या. ते पान मी सहा आठवडे मुद्दाम टाळलं होतं, कारण त्याच्या नावावरून ते म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी असावं असं वाटत होतं. “ताई, ह्ये बाण उलटं फिरत्यात बगा.” फिरले. डावं-उजवं माझ्या काचेसारखं झालं. चाळीस मिनिटांत मी शिखरावर होते. म्हणजे सोय पहिल्या दिवसापासून होती. मग ती दाराशी न ठेवता माळ्यावर का ठेवली, म्हणून माझा राग आता दुप्पट झाला आहे. वरचं सगळं तसंच वाचावं.

ता. क. २. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागते. यातलं अक्षरही श्रेयाला सांगू नका, आणि शनिवारी तिला पोहायला, बागेत, कुठेही न्या, पण सराव करू देऊ नका. रविवारी आधी वर कोण पोहोचतं, अशी पैज मी तिच्याशी लावणार आहे.

ता. क. ३. आणि ‘आजीला जिंकू दे’ असं तिच्या कानात सांगू नका. (तुम्ही तेवढे भले आहात, म्हणून लिहिते.) ती मुद्दाम पडली, तर मला तत्काळ ओळखू येईल. मी सहा रविवार खरीखुरी पडले आहे.